एमजीबीची पुढची आसने

इंग्लंडात टेम्सकाठच्या अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही मोटार, उघड्या आणि बंद अशा दोन्ही रूपांत मिळून, पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडली, आणि म्हणून आजही तिचा जीर्णोद्धार करणाऱ्याला सुट्या भागांची वाण भासत नाही. परंतु खोकेभर भाग हाती आले म्हणजे आसन सिद्ध झाले, अशी ज्याची समजूत असेल त्याची हटकून फसगत होते. इंजिनाच्या जुळणीत कोणता बोल्ट किती आवळावा याचा आकडा पुस्तकात छापलेला सापडतो. आसनात मात्र रबर, फोम आणि आवरण हे तिन्ही पदार्थ ताणाखाली नांदतात, आणि तो ताण सर्वत्र सारखा पडला की नाही याची रुजुवात तळहातानेच करावी लागते.

१९७० नंतरच्या गाड्यांत बैठकीखाली पोलादी सांगाड्याला आकड्यांनी अडकवलेला रबराचा सलग पडदा असतो. गंज खरवडून, रंग देऊन सांगाडा नवा केला, की या पडद्याची पाळी येते. नवे रबर ताठर असल्याने ते प्रथमदर्शनी लहानच वाटते, आणि उतावळा मनुष्य एका कडेचे सारे आकडे आधी अडकवून मोकळा होतो. मग समोरची कड काही केल्या पोहोचत नाही. बाजेची नवार आवळताना जसा हात एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला फिरतो, तसाच तो येथेही फिरावा. पडदा एकीकडे ढिला राहिला, तर वर कितीही उत्तम फोम घाला, बसणारा त्या बाजूला कलल्यावाचून राहत नाही.

आवरण चढवण्याचे काम मी या साऱ्या उद्योगाचा गाभा मानतो. नवा फोम जुन्याहून फुगीर असतो, म्हणून आवरण उन्हात ठेवून मऊ करून घ्यावे, फोमवर पातळ प्लास्टिक पसरावे, म्हणजे ते न अडखळता सरकते, आणि मग प्लास्टिक ओढून काढावे. शिवणीचे कोपरे फोमच्या कोपऱ्यांवर तंतोतंत आले, कडेचा गोट सरळ धावला, तरच खालची कड सांगाड्याला चापांनी पक्की करावी. बोटभर वाकडा गेलेला गोट पुढे कितीही ओढला तरी सुधारत नाही, तेथे चाप काढून पुन्हा आरंभ करणे हाच सरळ मार्ग. राहिलेल्या बारीक सुरकुत्या वाफेने जातात.

येथे एक मत नोंदवून ठेवतो. आरंभीच्या एमजीबीत बसण्याच्या भागाला कातडे असे, नंतरच्या गाड्यांत रेक्झिन आले. ज्या गाडीला कारखान्याने रेक्झिन दिले तिला हौसेपोटी कातड्याने मढवणे, म्हणजे तिचा दाखलाच बदलणे होय. तसेच, जुन्या आवरणाची शिवण शाबूत असेल तर ते धुऊन, दुरुस्त करून परत घालावे.

बसवणीचा तपशील थोडा, पण नडणारा. आसनाच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात. उघड्या गाडीत पावसाचे पाणी गालिच्यात मुरते, तेथून या पट्ट्यांत शिरते आणि त्या कुजतात, तेव्हा नव्या पट्ट्यांना वार्निश पाजूनच त्या घालाव्या. रुळांना वंगण द्यावे, चारही बोल्ट आधी ढिलेच ठेवावे, आसन पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून पाहावे, आणि दोन्ही रूळ समांतर असल्याची खातरी पटल्यावर मगच ते आवळावे. तिरपा रूळ आसनाला मध्येच अडवतो. नव्या फोमवर चालक पूर्वीपेक्षा उंच बसतो, त्याची धास्ती घेऊ नये. फोम वापराने दबतो. तो दबला, की आरसे नव्याने जुळवावे आणि बोल्ट पुन्हा एकवार तपासावे.