गाळणीचा पडदा : पाक साधला तर छिद्र साधते



ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे कृष्णेचे महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. दारात पाणीच पाणी, पण प्यायला घोट नाही! अशा वेळी ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चर्चा निघते. यंत्राचा जीव असतो त्यातल्या पडद्यात. तो कसा बनतो हे कळले, की खरेदीत फसगत होत नाही.

गुऱ्हाळात गुळव्या पाक पारखून काहिल उतरवतो. लवकर उतरवली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ काळा पडतो. पडद्याचेही तसेच. एक प्रकारचे प्लास्टिक रसायनात विरघळवून मधासारखा पाक करतात, कापडावर पातळ पसरतात आणि पाण्यात बुडवतात. रसायन बाहेर निघते, पाणी आत शिरते आणि प्लास्टिक छिद्रांसकट गोठते.

पाक पातळ असेल तर पाणी झटकन घुसते आणि आत बोटांसारख्या लांबट पोकळ्या पडतात. असा पडदा पाणी भरपूर देतो, पण दाबाखाली दबतो. पाक दाट असेल तर पाणी सावकाश शिरते. पडदा स्पंजासारखा भरीव, मजबूत होतो, पण पाणी कमी देतो. पोकळ धाग्याचे पडदे सोऱ्यातून शेव पाडावी तसे पाडतात. तिथे पाक फार पातळ झाला, तर धागा तुटलाच म्हणून समजा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही असे गाळण पडदे विकसित केले आहेत.

या साध्या पडद्याला अल्ट्रा फिल्टर म्हणतात. तो गढूळपणा व जंतू अडवतो, विरघळलेले क्षार नाही. क्षारांसाठी त्यावर आणखी एक अतिबारीक थर चढवतात, तो आरओ. म्हणजे नदीच्या गढूळ पाण्याला पहिला पुरे, मिरज-वाळव्याच्या क्षारपड पट्ट्यातल्या मचूळ विहिरीला दुसरा.

ग्रामसेवक व सरपंचांनी एवढे करावे :

१) आधी पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासावा.

२) टीसीएलमधला क्लोरीन आरओचा पडदा खातो. पाणी आधी कार्बनमधून न्यावे.

३) अल्ट्रा फिल्टर बसवला म्हणून टाकीत टीसीएल टाकणे बंद करू नये.

४) आरओच्या टाकाऊ पाण्यात क्षार जास्त असतात. ते शेतात किंवा विहिरीकडे सोडू नये. आपली जमीन आधीच क्षाराने पोळली आहे.

यंत्राच्या रंगाकडे बघू नका, पडदा कोणता ते विचारा. गुळाची ढेप आपण फोडून बघतोच ना?