घाट बंद झाला तर गोळ्या पुरतील का?

शाळांचे निकाल लागले की सोनपेठहून एक-दोन गाड्या तरी गणपतीपुळ्याकडे निघतात. आपल्या गोदाकाठच्या माणसाला समुद्राची भारी ओढ. निघण्याच्या आदल्या दिवशी मंडळी दवाखान्यात येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, उलटीच्या गोळ्या द्या.’ मी देतो. पण सोबत विचारतो, रस्ता कोणता, किती मुक्काम, आणि घाट बंद असला तर काय करणार? शेवटच्या प्रश्नावर बहुतेकजण हसतात. डॉक्टरला घाटाशी काय कर्तव्य, असे त्यांना वाटत असावे.

वाचकहो, कर्तव्य आहे. येथून पुळ्याचे अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. कोल्हापूरमार्गे गेले तर आंबा घाट, कऱ्हाडकडून चिपळूणला उतरले तर कुंभार्ली घाट. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु भर उन्हाळ्यातही रस्ता अडतो. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात 2022 च्या उन्हाळ्यात रुंदीकरणासाठी रोज दुपारी काही तास वाहतूक बंद ठेवली जात होती. गगनबावड्याचा करूळ घाट 2024 च्या जानेवारीत कामासाठी बंद झाला, तो पुढे कितीतरी महिने. आठ तासांचा प्रवास अशा वेळी चौदा तासांचा होतो. धडधाकट माणूस नुसता वैतागतो. पण गाडीत मधुमेहाची आजी किंवा तान्हे मूल असेल, तर त्या सहा तासांचा हिशेब आधीच करावा लागतो.

मधुमेहाचेच पाहू. आजी सकाळी सातला इन्सुलिन घेतात किंवा साखरेची गोळी घेतात, आणि ‘नाश्ता पुढे कऱ्हाडला करू’ म्हणून गाडी निघते. वाटेत रांग लागते, नाश्त्याचे दहा वाजतात. औषधाने आपले काम सुरू केलेले असते, पोटात मात्र काही नाही. मग दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटते, गाडी लागली. त्या वेळी लिंबाचे सरबत, तेही साखर घातलेले, किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, आणि बरे वाटल्यावर पोळी किंवा भात खाऊ घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. 108 ला फोन करावा व जवळचे रुग्णालय गाठावे. म्हणून प्रवासात नियम एकच: खाणे हाताशी असल्याशिवाय साखरेचे औषध घेऊ नये. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी हे आपले जुने शिदोरीचे जिन्नस घाटातल्या कोणत्याही हॉटेलपेक्षा भरवशाचे आहेत. ‘मग इन्सुलिनच नको’ असे मात्र परस्पर ठरवू नका. वेळा कशा बदलायच्या ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिनची बाटली डिकीत किंवा काचेजवळ ठेवू नये. उन्हात उभी असलेली बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि औषधाचा गुण जातो. थेट बर्फातही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी, पायाशी सावलीत, एवढे पुरते.

रक्तदाबाच्या, हृदयाच्या व फिटच्या गोळ्या सहलीच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांच्या जास्त घ्या. पुळ्याला मिळतीलच, या भरवशावर राहू नका. त्या टपावरच्या बॅगेत बांधून टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. लघवी जास्त होणारी गोळी काहीजणांना असते. रांगेत अडकू या भीतीने ते ती गाळतात आणि तिसऱ्या दिवशी दम लागतो. गाळण्यापेक्षा मुक्कामी पोचल्यावर घेता येईल का, हे विचारून घ्यावे.

आणि आपल्या बायका. वाटेत सोय नाही म्हणून घरातून निघतानाच पाणी पिणे बंद करतात. कोकणातल्या दमट हवेत घामाच्या धारा लागतात, वर पाणी नाही. परत आल्यावर लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. पुरुषांनी चहासाठी गाडी थांबवावी तशी यांच्यासाठीही दर दोन तासांनी थांबवावी. सर्वांचे पायही मोकळे होतात. माणशी दोन लिटर पाणी आणि जलसंजीवनीची पाकिटे गाडीत असू द्यावीत.

उलटीचे म्हणाल तर आपली मुले सपाटीवर वाढलेली, त्यांना वळणांची सवय नाही. हातातला मोबाईल काढून घ्या, समोरचा दूरचा रस्ता पाहायला सांगा, निघताना तेलकट देऊ नका. अ‍ॅव्होमिनची गोळी घाट सुरू होण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी. घाटात पोचल्यावर उपयोग थोडा. दोन वर्षांखालील बाळाला ती देऊ नये, मोठ्या मुलांना किती द्यावी ते विचारावे. तिने झोप येते, म्हणून चालकाने ती मुळीच घेऊ नये.

चालकाचा विषय निघालाच आहे. रात्री जेवून निघायचे आणि पहाटे घाट उतरायचा, ही आपल्याकडची आवडती पद्धत मला अजिबात पसंत नाही. पहाटे दोन ते पाच या वेळेत झोप माणसाला न सांगता घेरते. कोल्हापूर किंवा कऱ्हाडला मुक्काम करावा, सकाळी पोलीस ठाण्यात अथवा एस.टी. स्थानकावर घाटाची चौकशी करावी, मग निघावे. बंद असेल तर अंबाबाईचे दर्शन घ्या. रांगेत अडकलाच तर काचा लावून, इंजिन व ए.सी. चालू ठेवून झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रस्त्यावरून किंवा पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात जुना पूल वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या त्यात गेल्या.

जाताना आणखी एक. संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकू नका, एका पिशवीत सोबत ठेवा. ‘ती बारीक पांढरी गोळी’ एवढ्यावरून रत्नागिरीचा डॉक्टर काही ओळखू शकत नाही. पाकिटावरचे नाव मात्र त्याला वाचता येते.