छायेशी झालेला तह

संगणक ज्या काळी घरोघरी पोहोचला नव्हता आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करूनच त्याजकडून काम करून घ्यावे लागे, त्या काळी आपल्याकडील कित्येक कचेऱ्यांतून व संगणकवर्गांतून, कामाचे तास उलटल्यावर, पांढऱ्या पोशाखातला एक तरुण पडद्यावर धावू लागे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा तो खेळ. त्याची कीर्ती मुख्यतः अवघड खेळ म्हणून झाली, आणि पहिल्या दोन-तीन लेव्हलींतच हात टेकून अनेकांनी त्याची बोळवण केली. परंतु ज्याने चिकाटी धरली, त्याच्या पुढ्यात या खेळाने जे ठेवले, ते चांगल्या कथेच्या तोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कथानक साधेच आहे. सुलतान परमुलखी मोहिमेवर गेला असता वजीर जाफर सत्ता बळकावतो, आणि शहजादीस एका तासाची मुदत देऊन विवाह किंवा मृत्यू यांपैकी एक पत्करण्याचा हुकूम फर्मावतो. तिचा प्रियकर तळघरात कैद. त्याला ६० मिनिटांत वर पोहोचायचे असते. मरण आले तर चालू लेव्हल पहिल्यापासून खेळण्याची मुभा आहे, मात्र गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

या खेळाचा कर्ता जॉर्डन मेक्नर. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, धावायला, उड्या मारायला, कठड्यावर चढायला लावून त्याचे चित्रण केले, आणि त्या चित्रांवरून एकेक आकृती गिरवून ॲपल टू या यंत्रासाठी १९८९ साली खेळ सिद्ध केला. त्यामुळे या नायकाच्या देहाला वजन आहे. धावता धावता तो एकदम थांबत नाही. दोन मजले कोसळला तर एक प्राण गमावतो, तीन मजले कोसळला तर मरतो. आणि जमिनीतून उसळणाऱ्या ज्या सुळ्यांवर धावत जाणारा हटकून मरतो, त्यांच्यामधून पाऊल जपून टाकणारा सुखरूप पार होतो. म्हणजे खेळाची कसोटी बोटांच्या चपळाईपेक्षा संयमाची अधिक आहे. तलवारीच्या हालचाली मेक्नरने १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातील एरॉल फ्लिन व बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वावरून घेतल्या.

परंतु खेळाचा खरा गाभा टंचाईतून जन्मला. झुंज हवी म्हणावे, तर दुसऱ्या योद्ध्याची चित्रे साठवण्यास यंत्राच्या स्मृतीत जागा उरली नव्हती. तेव्हा मेक्नरने अशी तजवीज केली, की नायकाचेच चित्र एक ठिपका सरकवून मूळ चित्रावर बसवावे, समान ठिपक्यांनी परस्परांस खोडून टाकावे, आणि शिल्लक राहावी ती केवळ चमचमती बाह्यरेषा. अशी छाया अवतरली. पहारेकरी पुढे आले, पण त्यांच्यापैकी कुणालाही या छायेची सर नाही.

चौथ्या लेव्हलीत वाटेवर आरसा उभा ठाकतो. धावत येऊन त्यातून उडी घेतल्यावाचून गत्यंतर नाही. उडी पार पडते, तोच पलीकडच्या बाजूने छाया निसटून जाते, आणि आपला प्राण एकावर येतो. पाचव्या लेव्हलीत ती आपल्या देखत औषधाची कुपी पिऊन टाकते. सहाव्यात ऐन वेळी दरवाजा पाडून आपल्याला खाली लोटते. इतका छळ सोसल्यावर बाराव्या लेव्हलीत ती तलवार उपसून समोर येते, तेव्हा खेळणाऱ्याचा हात आपोआप वार करतो, कारण आजवरच्या प्रत्येक पहारेकऱ्याने त्याला तेच शिकविलेले असते.

वार तिच्यावर पडतो आणि पडद्याच्या तळाशी आपल्या प्राणाचा लाल त्रिकोण विझतो. सूचनेचा एक शब्दही नाही, कुणी पात्र येऊन कानमंत्र देत नाही. पुरावा काय तो तेवढा विझलेला त्रिकोण. तिला ठार करावे तर आपणही मरतो. तलवार म्यान केली, की तीही आपली म्यान करते, आणि मग दोघे समोरासमोर धावत येऊन एकरूप होतात. जी कळ आजवर झुंज टाळण्यापुरती वाटली होती, तिच्यावर कर्त्याने साऱ्या खेळाचा निर्णय टांगून ठेवला होता, हे उमगल्यावर त्याच्या धीटपणाचे मला नवल वाटले: शस्त्र खाली ठेवणे हेच येथे कौशल्य ठरते, आणि ते खेळणाऱ्याने स्वतःच्या जखमांवरून ओळखायचे. पुढे, जिथे केवळ पोकळी दिसते तिथे त्याने निःशंक धावत सुटावे; पावलागणिक फरशी उमटत जाते. मिनिटे अद्याप सरतच असतात, आणि पलीकडे जाफर उभा असतो, ज्याच्यावर मात्र तलवार उपसावीच लागते.