‘जवळजवळ बरोबर’ म्हणजे चूकच!



सोलापूर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? शेंगाची चटणी, कडक भाकरी, गड्ड्याची जत्रा आणि अर्थातच सोलापुरी चादर! मागावरून उतरलेली चादर थेट दुकानात जात नाही, बरं का. आधी ती पसरून नीट पाहतात. कुठे धागा तुटलेला दिसला, कुठे रंग चुकला, तर ती चादर ‘सेकंड’ ठरते. मग ती थोड्या कमी किमतीत विकतात. घेणारा खूश, विकणाराही खूश. पांघरायला काय, तीही तितकीच उबदार!

पण काही वस्तू अशा असतात की त्यांच्यात ‘सेकंड’ माल चालतच नाही. एकतर पूर्ण पास, नाहीतर नापास. अणुवीज केंद्रासाठी बनणारी यंत्रं ही अशीच. ती यंत्रं कारखान्यात कशी तपासतात, याची गोष्ट आज सांगते.

सोलापूरचा मुलगा आणि त्याचं नगर

तुम्ही म्हणाल, “बाई, अणुवीज केंद्राचं आणि आपलं काय नातं?” नातं आहे! शेठ वालचंद हिराचंद यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा जन्म १८८२ साली आपल्या सोलापुरातच झाला. जहाजं, विमानं, मोटारी हे सगळं आपल्या देशात बनलं पाहिजे, असा ध्यास घेतलेला हा माणूस. सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की लागतो पुणे जिल्ह्याचा इंदापूर तालुका. तिथल्या माळरानावर त्यांनी शेती आणि साखर कारखाना उभा केला. तेच आजचं वालचंदनगर.

तिथल्या कारखान्यात आधी साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं बनू लागली. पुढे इस्रोच्या रॉकेटांसाठी मोठमोठी नळकांडी बनली. आणि अणुवीज केंद्रांसाठी अवजड उपकरणंही बनली. उसाच्या फडांच्या शेजारी अणुभट्टीचे भाग! आहे की नाही गंमत?

एक भलामोठा आडवा ड्रम

या उपकरणांपैकी एकाचं नाव आहे कॅलेन्ड्रिया. नाव अवघड आहे, पण वस्तू समजायला सोपी. स्टेनलेस स्टीलचा एक भलामोठा ड्रम आडवा ठेवला आहे, अशी कल्पना करा. त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार नळ्या जातात. त्या नळ्यांत युरेनियमचं इंधन असतं आणि बाहेरून ड्रमभर ‘जड पाणी’. आपल्या तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत अशा ३९२ नळ्या आहेत. ड्रमच्या दोन्ही टोकांना जाडजूड झाकणं असतात. त्यांना म्हणतात ‘एंड शील्ड’.

आता जरा डोकं चालवा. नळ्या ३९२, म्हणून या झाकणात भोकं ३९२ आणि त्या झाकणातही ३९२. प्रत्येक भोक समोरच्या भोकाच्या अगदी नेमकं समोर यायला हवं. एक जरी भोक तिरकं गेलं, तर नळी सरळ बसणार कशी? आणि ३९१ भोकं बरोबर आहेत, म्हणून शाबासकी मिळणार नाही. शाळेत १०० पैकी ९९ मिळाले तर आपण पेढे वाटतो. इथे ९९ म्हणजे नापास!

एवढं कडक कशासाठी?

कारण भट्टी एकदा सुरू झाली की आत माणूस जाऊ शकत नाही. तिथे किरणोत्सर्ग असतो. पुढची कित्येक वर्षं तो जोड, ते भोक, तो पत्रा तसाच राहणार. घरचा नळ गळाला तर प्लंबरकाकांना बोलावता येतं. इथे बोलावणार कोणाला?

याचा अनुभव आपल्या देशाने घेतलेला आहे. राजस्थानात रावतभाटा इथली पहिली अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने बांधली गेली आणि १९७३ साली वीज देऊ लागली. तिच्या एंड शील्डसाठी वापरलेलं पोलाद किरणोत्सर्गाच्या माऱ्याने ठिसूळ होत गेलं. १९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याला तडे गेले आणि पाणी गळू लागलं. दुरुस्तीसाठी शास्त्रज्ञांनी जिवाचं रान केलं. पण ती भट्टी पुढे कमी क्षमतेवरच चालवावी लागली आणि २००४ पासून ती बंदच आहे. नरोऱ्यापासून पुढच्या भट्ट्यांसाठी मग स्टेनलेस स्टीलची एंड शील्ड वापरली जाऊ लागली.

नरोऱ्याचा विषय निघालाच आहे, तर तिथली गोष्टही ऐका. उत्तर प्रदेशातल्या या केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली. फक्त दोन! पण प्रचंड वेगाने फिरणारं ते यंत्र थरथरू लागलं, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन वायू बाहेर पडला आणि आग लागली. विजेच्या तारा जळाल्या. जवळजवळ १७ तास केंद्रात वीज नव्हती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी भट्टी लगेच बंद केली. मग अंधारात बॅटरीच्या उजेडात ते वर चढून गेले आणि भट्टी पुन्हा चालू होऊ नये म्हणून बोरॉनचं द्रावण हाताने व्हॉल्व्ह उघडून आत सोडलं. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी पाणी पुरवलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. केवढे धीराचे ते लोक!

पाती का तुटली? धातूलाही थकवा येतो. एखादी तार एकाच जागी वीस-पंचवीस वेळा वाकवून पाहा, तुटतेच. अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी पुढे लिहिलं, की या पात्यांच्या रचनेत धोका असल्याची सूचना अपघाताच्या आधीच आलेली होती. म्हणजे कागद आला होता, पण त्यावर वेळेत काम झालं नाही.

तपासनीस काय काय पाहतो?

यंत्र बनून तयार झालं की तपासनीस येतो आणि शिक्का मारून जातो, असं तुम्हाला वाटत असेल. छे! त्याचं काम तर पोलादाचा पहिला पत्रा कारखान्यात येतो तेव्हाच सुरू होतं.

पहिलं काम, पत्र्याची ‘जन्मपत्रिका’ पाहणं. कोणत्या गिरणीत, कोणत्या घाण्यात हे पोलाद ओतलं, त्यात काय काय मिसळलं, ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. त्या घाण्याला एक नंबर असतो. त्याला म्हणतात ‘हीट नंबर’. तो पत्र्यावर कोरलेला असतो. पत्रा कापायचा असेल, तर कापण्याच्या आधी तो नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवायचा. का बरं? कापल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात! मग कोण कुठला, हे ओळखणार कसं?

दुसरं, वेल्डिंग. ते कोणीही करून चालत नाही. वेल्डरला आधी परीक्षा द्यावी लागते. त्याने केलेला नमुन्याचा जोड वाकवून पाहतात. कोणता जोड कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या रॉडने केला, याची नोंद राहते. साध्या लोखंडावर घासलेला ब्रश स्टेनलेस स्टीलला लावायचा नाही. लोखंडाचा कण चिकटला तर तिथून गंज धरतो.

तिसरं, जोडाची तपासणी. आधी लाल रंगाचं पातळ द्रव्य जोडावर लावतात, थोड्या वेळाने पुसून टाकतात आणि वर पांढरी पूड फवारतात. बारीक चीर असेल तर तिच्यात शिरलेला रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चोर सापडला! आणि आतला दोष? त्यासाठी हाडाचा काढतात तसा जोडाचा क्ष-किरण फोटो काढतात. किंवा दवाखान्यातल्या सोनोग्राफीसारखा न ऐकू येणारा आवाज आत सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपतात.

चौथं, गळतीची परीक्षा. सायकलवाले काका ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतात, ठाऊक आहे ना? तसंच इथेही, पण बुडबुड्यांनी भागत नाही. हेलियम हा अगदी हलका वायू वापरतात. त्याचे कण इतके लहान, की डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या फटीतूनही ते निसटतात आणि पलीकडे ठेवलेलं यंत्र ते पकडतं. ज्या भांड्यांना मोठा दाब सोसायचा असतो, त्यांच्यात पाणी भरून रोजच्या कामापेक्षा जास्त दाब देऊन पाहतात. हवा न भरता पाणीच का? दाबलेली हवा फुग्यासारखी फुटून घात करते. पाणी फारसं दाबलं जात नाही, म्हणून धोका कमी.

आणि पाचवं, मोजपट्टीचीच तपासणी! दुकानदाराची वजनं सरकारी खातं तपासून शिक्का मारतं ना, तसं तपासनिसाच्या प्रत्येक मापकाचं प्रमाणपत्र असावं लागतं. त्याची मुदत संपली असेल, तर त्याने घेतलेलं माप धरत नाहीत.

‘थांबा’ म्हणणारा माणूस

या कामाच्या आराखड्यात काही ठिकाणी ‘होल्ड पॉइंट’ लिहिलेलं असतं. म्हणजे रेल्वेचा लाल सिग्नलच! तपासनिसाने पाहून सही केल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही. समजा, आत एक जोड आहे आणि त्यावर झाकण बसणार आहे. झाकण बसलं की जोड दिसणार नाही. म्हणून आधी थांबायचं.

हा तपासनीस एकटा नसतो. आधी कारखान्याचा स्वतःचा तपासनीस पाहतो. मग यंत्र विकत घेणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचा माणूस कारखान्यात येऊन पाहतो. आणि अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवायला १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ आहे.

‘थांबा’ म्हणणं सोपं नसतं, मुलांनो. ट्रक दारात उभा असतो. साहेब घड्याळाकडे पाहत असतात. दोष असतो इवलासा. “अहो, जवळजवळ बरोबर आहे की! द्या सोडून!” असं कोणीतरी म्हणतंच. अशा वेळी शांतपणे “नाही” म्हणायचं आणि चूक कागदावर लिहायची. लिहिली की ती सर्वांना कळते. मग जाणकार बसून ठरवतात, की दुरुस्ती होईल का ती वस्तू बाद करायची.

चूक लपवली तर काय होतं, ते दक्षिण कोरियाने पाहिलं. २०१२ साली तिथे उघड झालं, की अणुवीज केंद्रांना पुरवलेल्या हजारो सुट्या भागांची गुणवत्ता प्रमाणपत्रं खोटी होती. दोन भट्ट्या थांबवून ते भाग बदलावे लागले. पुढच्याच वर्षी कळलं, की अपघाताच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या विजेच्या केबलींचे चाचणी अहवालही खोटे होते. आणखी भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. ऐन उन्हाळ्यात देशात विजेची टंचाई झाली. अनेकांना तुरुंगात जावं लागलं. अपघात झाला नव्हता, तरीही! कारण एक कागद खोटा निघाला की बाकीच्या कागदांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

करून पाहा

वर्गातल्या बाकाची लांबी दोघांनी वेगवेगळी मोजा. एकमेकांना आकडा सांगू नका, आधी कागदावर लिहा. आकडे जुळले का? नाही जुळले तर खाडाखोड न करता पुन्हा मोजा आणि फरक का पडला ते शोधा. पट्टीचं टोक झिजलेलं होतं? की पट्टी तिरकी धरली होती? माझ्या चौथीच्या वर्गात हा खेळ लावला की मुलं तास संपला तरी उठत नाहीत!

पालकांसाठीही एक छोटासा होल्ड पॉइंट सुचवते. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचा. आणि एखाद्या दिवशी मूल स्वतःहून येऊन म्हणालं, “आई, माझं हे चुकलंय,” तर रागावण्याआधी क्षणभर थांबा. घरी चूक सांगायची भीती वाटली नाही, तर ते मूल मोठेपणी कारखान्यातही ती लपवणार नाही.