घडी व्हिडिओची, वाट सर्वांची

दुपारची झाकपाक आटोपली, की मोबाईलवर एखादी पाककृती नाहीतर कीर्तन लावायचं, हे आता घरोघरी चालतं. दिवसाचा दीड जीबी डाटा त्याला पुरतोही. पण भगिनींनो, तो पुरतो कसा? फुल एचडी चित्र जसंच्या तसं पाठवायचं म्हटलं, तर सेकंदाला दीडशे एमबीहून जास्त लागतील. फोडणी तडतडायच्या आत, दहा सेकंदांत दिवसाचा डाटा खलास!

किमया आहे ती नीट घडी घालण्याची. पुरणपोळी लाटतानाचं दृश्य घ्या. भिंत, ओटा, पोळपाट जागच्या जागी; हलतात ते फक्त हात. मग भिंत एकदाच पाठवायची, पुढे ‘मघाचीच’ म्हणून कळवायचं. हातांचंही ‘इतके सरकले’ एवढंच सांगायचं. डोळ्यांना जाणवत नाहीत ते बारकावे गाळायचे. या रीतीला म्हणतात कोडेक. आपला मोबाईल ती घडी उलगडून चित्र दाखवतो.

या रीतींवर पेटंटं असतात. २०१३ साली एचईव्हीसी ही चांगली रीत आली. पण तिच्यासाठी पैसे मागणारे गट एकाहून अधिक. थालीपीठ आपण करायचं, आणि भाजणीचे पैसे एकीला, थापण्याचे दुसरीला द्यायचे, तशातली गत!

म्हणून २०१५ साली गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, इंटेल आणि सिस्को या कंपन्या एकत्र आल्या. २०१८ साली त्यांनी ‘एव्ही-१’ ही रीत सर्वांसाठी खुली केली, वापराचं शुल्क न लावता. आधीच्या व्हीपी-९ या खुल्या रीतीपेक्षा ही सुमारे २० टक्के सरस असल्याचं नेटफ्लिक्सने २०२० साली सांगितलं.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. ही घडी घालायला वेळ फार लागतो. उलगडायची खास सोय मोबाईलच्या चिपमध्ये नसेल, तर मोबाईल तापतो, बॅटरी लवकर उतरते. शिवाय ‘यात इतरांचीही पेटंटं आहेत’ असं सांगत २०१९ साली सिस्वेल ही कंपनी पुढे आली. म्हणजे ‘मोफत’ या शब्दावरच वाद आहे.

तेव्हा नवा टीव्ही किंवा मोबाईल घेताना ‘यात एव्ही-१चा हार्डवेअर डिकोडर आहे का?’ असं दुकानदाराला जरूर विचारा. आणि छोट्या पडद्यावर व्हिडिओचा दर्जा ४८० वर ठेवलात, तरी डाटा बराच वाचेल.

उद्या तुमच्यापैकी कुणी शिवणवर्गाचे व्हिडिओ स्वतःच दाखवायला लागली, तर घडी घालण्याचंही भाडं तिला पडू नये. त्यासाठी ही वाट खुली राहायला हवी.