दोघांची सायकल आणि तिचा ब्रेक

एकामागे एक दोन बैठकी, पायडलांच्या दोन जोड्या आणि चाके मात्र दोनच, अशा सायकलीला टँडेम म्हणतात. हौसेचे वाहन म्हणून तिच्याकडे पाहण्याची रीत आहे, आणि पिंपळे गुरवच्या सपाट रस्त्यांवर सकाळी दोघांनी फेरफटका करावयाचा असेल तर तसे पाहण्यास हरकतही नाही. परंतु ज्यांना दिसत नाही अशा माणसांना मोकळ्या रस्त्याचा आनंद मिळवून देणारेही हेच वाहन होय. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा ह्यांची दृष्टी तरुणपणीच काचबिंदूने गेली. त्यांनी २०१४ मध्ये ‘ॲडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरिअर्स फाउंडेशन’ ही संस्था काढली, आणि २०१६ मध्ये तिच्या मोहिमेत अंध व डोळस स्वार जोडीजोडीने टँडेमवर बसून मनालीहून खारदुंग ला खिंडीकडे गेले. ही खिंड ५,३५९ मीटर उंचीवर आहे. एवढी चढण चढण्यास लागणाऱ्या दमाचे कौतुक सर्वजण करतात. ती उतरताना काय लागते, ह्याचा विचार सहसा होत नाही.

मागे बसणाऱ्याची स्थिती ध्यानात घ्यावी. त्याच्यासमोर साथीदाराची पाठ असते. हातात हँडल असते, पण त्याने सायकल वळत नाही. ब्रेकचे दांडे बहुतेक टँडेमवर पुढच्याच्याच मुठींशी असतात. म्हणजे दोन जिवांचा भार एकाच्या दोन हातांवर आणि दोन बारीक वायरींवर असतो. मागचा मनुष्य डोळस असला तरी त्याला त्यात काही करता येत नाही.

आता ह्या ब्रेकवर पडणारे काम किती, ते पाहू. दोन स्वार आणि सायकल मिळून १७० किलोंचे वजन धरले, तर ते एकट्याच्या सायकलीच्या सुमारे दुप्पट होते. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वेगातून थांबताना जी उष्णता निर्माण होते, ती अगदीच थोडी असते. चांगल्या स्थितीतले साधे ब्रेक ती सहज पचवतात. घाटात मात्र गणित पार बदलते. पिंपळे गुरवहून निघालेली जोडी नाशिक फाट्यावरून जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्यास गेली आणि तेथून खोपोलीस उतरली, असे समजा. ही उतरण सुमारे साडेपाचशे मीटरांची आहे. एवढ्या उंचीवरून १७० किलो वजन खाली येताना जी शक्ती मोकळी होते, तिने पावणेतीन लिटर थंड पाणी उकळू शकेल. तिचा काही भाग वाऱ्याचा विरोध गिळतो, काही टायरांत जातो. सावकाश उतरणाऱ्याच्या बाबतीत बाकीची जवळजवळ सर्व उष्णता ब्रेकलाच सोसावी लागते. शंभर मीटरांत आठ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरचा वेग धरून ठेवावयाचा तर ब्रेकमध्ये साडेसहाशे वॅटच्या आसपास उष्णता सतत निर्माण होत राहते. घरातली विजेची इस्त्री जवळपास तेवढीच तापते, आणि इस्त्रीला आपोआप बंद होण्याची सोय तरी असते.

ही उष्णता जाते कोठे? रिमवर रबर दाबणारे ब्रेक असतील तर रिम तापते, तिच्या आतील ट्यूबमधली हवा फुगते, आणि टायर रिमवरून निसटून ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असतील तर टायर वाचतो, पण पातळ तबकडी व पॅड तापून पकड सुटू लागते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये ते तेल जुने असून त्यात पाणी मुरले असेल, तर अतिउष्णतेने वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबले जात नाही. म्हणून दांडा थेट मुठीला टेकतो आणि ब्रेक लागत नाही. ह्यातील भयंकर गोष्ट ही, की घाटाच्या माथ्यावर तपासला तेव्हा तोच ब्रेक उत्तम होता.

टँडेमच्या बाजूची एक गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी उलटाच समज आहे. पुढचा ब्रेक जोरात दाबला की मागचे चाक उचलले जाऊन स्वार पुढे कोसळतो, ही भीती एकट्याच्या सायकलीपुरती खरी आहे. टँडेमची लांबी पुष्कळ अधिक असल्यामुळे तिचे मागचे चाक तसे सहजासहजी उचलले जात नाही. कोरड्या रस्त्यावर आणि ब्रेक सशक्त असल्यास ती एकट्याच्या सायकलीपेक्षाही कमी अंतरात थांबू शकते. म्हणून पुढच्या ब्रेकला भिऊन केवळ मागच्यावर भिस्त ठेवणारा टँडेमस्वार आपले अर्धे सामर्थ्य फुकट घालवतो. मात्र मागची बैठक रिकामी असेल तेव्हा मागचे चाक हलके होते आणि थोड्या दाबानेही घसरते. साथीदाराला सोडून एकट्याने परतताना हे विसरू नये.

ऑलिंपिकमध्ये १९७२ पर्यंत टँडेमच्या शर्यती होत असत, आणि धावपट्टीवरच्या त्या सायकलींना ब्रेक मुळीच नसत. पण तेथे चाक आणि पायडल एकत्रच फिरत असल्याने पाय हाच ब्रेक होता, आणि समोरून येणारी बसही नव्हती.

घाटात जाणाऱ्या टँडेमला तिसरा ब्रेक असावा, हा जुन्या स्वारांचा आग्रह योग्यच आहे. हा बहुधा मागच्या चाकाच्या तुंब्याशी असलेला ड्रम ब्रेक किंवा मोठी डिस्क असते. त्याचे काम थांबवण्याचे नसून वेग धरून ठेवण्याचे असते. त्यामुळे हातातले दोन्ही ब्रेक थंड राहतात आणि खऱ्या अडचणीच्या वेळी उपयोगी पडतात. त्याचा दांडा मागच्याच्या हाती देण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. ‘धर’ आणि ‘सोड’ एवढे दोन शब्द पुढच्याने बोलावेत. अंध साथीदारही ते काम तंतोतंत करतो, कारण पायडले साखळीने जोडलेली असल्याने पुढच्याचा हेतू त्याला पायांतूनच कळत असतो. ह्याउलट पुढचा-मागचा ब्रेक एकाच दांड्याला जोडून टाकणे सोयीचे दिसले तरी धोक्याचे आहे; तो एक दांडा बिघडला की दोन्ही चाके मोकळी होतात.

सायकलींच्या ब्रेकची कसोटी ठरवणारे आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पण टँडेमला त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. पिंपळे गुरवपासून जवळच, भोसरीला १९६७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेत मोटारगाड्यांच्या चाचण्या होतात. टँडेमची परीक्षा मात्र घरच्या अंगणातच करावी लागते. सायकल उभी असताना दोन्ही दांडे सर्व शक्तीनिशी दाबून पाहावेत. तुटावयाची वायर अशाच वेळी तुटू द्यावी. ती बहुधा दांड्याजवळच्या टोकाशी, एकेक तार करून झिजते. एक तार उसवलेली दिसली तरी वायर बदलावी. टँडेमच्या मागच्या ब्रेकची वायर लांब असल्याने ताणली जाऊन दांडा मऊ लागतो, तेव्हा ती वेळोवेळी आवळावी. लोखंडी रिमच्या सायकलीचे ब्रेक पावसाळ्यात फारच थोडे धरतात. अशी टँडेम ओल्या रस्त्यावर नेऊच नये.

उतारावर ब्रेक सतत हलका घासत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ जोराने दाबून वेग कमी करावा, मग सोडून वाऱ्याला त्याचे काम करू द्यावे. दाबायचे कधी, हे आधी मोठ्याने सांगावे. जळका वास आला किंवा दांडा नेहमीपेक्षा खोल गेला, तर वेग असेल तसा लगेच कमी करून कडेला थांबावे. खंडाळ्याच्या घाटात जुन्या मार्गावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. तेथे तसेही पुष्कळजण थांबतात. टँडेमनेही थांबावे, आणि तापलेल्या रिमला किंवा तबकडीला हात न लावता, तिच्यावर पाणीही न ओतता, ती वाऱ्यावरच निवू द्यावी.