मशीन भाड्याने मिळतं, सर्वेअर कुठून आणायचा?

टोटल स्टेशन भाड्याने मिळतं. ड्रोन मिळतो, ऑटोकॅडवाला पोरगाही मिळतो. पण उन्हात उभं राहून बेंचमार्कपासून लेव्हल बिनचूक आणणारा माणूस? सर्वेचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, ऑर्डर हातात असते आणि माणूस नसतो.

काम मात्र वाढतंय. एप्रिल 2020 मध्ये स्वामित्व योजना आली आणि गावठाणांवर ड्रोन फिरायला लागले. 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राने नियम सैल केले. भारतीय कंपनीला नकाशे बनवायला आधीसारखी परवानगी काढावी लागत नाही. रस्ता असो, सोलर प्रकल्प असो, प्लॉटिंग असो, जागेवर पहिला जातो तो सर्वेअरच. (शेताच्या हद्दीचा वाद असेल तर मात्र सांभाळून. तिथे शिक्का भूमी अभिलेखचाच चालतो. गिऱ्हाइकाला हे पहिल्याच दिवशी सांगा.)

मग पोरं का येत नाहीत? त्यांना हे शिक्षण दिसतच नाही. सिव्हिलच्या डिग्रीत सर्वेइंग एक-दोन पेपरांत उरकतं, आणि खास पदवी देणारी कॉलेजं मोजकी. चेन्नईचं गिंडी इंजिनिअरिंग कॉलेज 1794 मध्ये सर्वे स्कूल म्हणूनच सुरू झालं, आज तिथे जिओइन्फर्मॅटिक्समध्ये बीई करता येतं. पण आपल्या तालुक्यातल्या बारावीच्या पोराला हे कोण सांगणार? त्याच्या डोक्यात सर्वेअर म्हणजे अजून साखळी ओढणारा माणूस.

तर तुम्ही सांगा, आणि स्वार्थासाठीच सांगा. जवळच्या आयटीआयमध्ये, ज्युनिअर कॉलेजात रोव्हर घेऊन जा. भाषण नको. मुलांनाच मैदानाचे कोपरे घेऊ द्या आणि तिथल्या तिथे स्क्रीनवर नकाशा दाखवा. आयटीआयचा सर्वेअर ट्रेड दोन वर्षांचा आहे. तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ही वाट पालकांना माहीतच नसते, म्हणून पालकांनाही बोलवा.

एक-दोन मुलं अप्रेंटिस म्हणून घ्या. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार उचलतं. पण त्यांना नुसता स्टाफ धरायला ठेवलंत, तर सहा महिन्यांत ती डिलिव्हरीच्या गाडीवर दिसतील. पहिल्या महिन्यापासून मशीनवर उभं करा. ज्याचा हात बसतोय, त्याच्या डिग्रीच्या फीचा वाटा उचला आणि सुट्टीत साइटवर बोलवा.

तो शिकून दुसरीकडे गेला तर? जाऊ शकतो. फी देताना लेखी करार कसा करायचा, ते पुढच्या व्हिडिओत घेऊ.